गल्लीतली दुकानं आणि आपली महापालिका

(रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाऊसमध्ये झालेल्या तीन व्याख्यानांपैकी हे दुसरं. वक्ते सी विंगचे रहिवासी असून नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मागच्या रविवारी डॉक्टरसाहेबांनी गुडघेदुखीवर बोलून खुर्च्या कमी पाडल्या. आज खुर्च्या उरल्यात, त्याचा दोष विषयाला द्या. समितीनं मला ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’ हा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. कारण असं की, आपलं मेन गेट ते चौक हे अंतर जेमतेम चारशे पावलांचं, आणि तेवढ्या अंतरात गेल्या दीड वर्षात सहा शटर कायमची खाली आली. झेरॉक्स आणि स्टेशनरीवाले, पिठाची गिरणी, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, चपलांचं दुकान, पोळीभाजी केंद्र आणि कोपऱ्यावरचे फरसाणवाले. गिरणी गेली त्याचं दुःख काय असतं ते गेल्या दिवाळीत सगळ्या घरांना कळलं. चकलीची भाजणी दळायला रिक्षा करून जावं लागलं, आणि रिक्षाचं भाडं दळणापेक्षा जास्त झालं.

या सहापैकी दोन दुकानं आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावरची. आपल्या सोसायटीत नऊ गाळे आहेत. त्यांतल्या दोघांचा मेंटेनन्स तीन तिमाह्या थकलाय. हे मी गुपित फोडत नाही, वार्षिक सभेच्या अहवालात छापलेलं आहे. गाळा रिकामा राहिला की थकबाकी वाढते, थकबाकी वाढली की लिफ्टच्या दुरुस्तीला पैसे कमी पडतात, मग तो बोजा तुमच्या-माझ्या बिलात येतो. तेव्हा हा विषय परोपकाराचा आहे असं समजू नका.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी लहान दुकानदारांच्या कॅश क्रेडिट खात्यांवर. एखाद्या रस्त्याची तब्येत ओळखायचं आमचं साधन ताळेबंद नव्हतं. ताळेबंद वर्षानं येतो आणि तो सीए लिहितो. आमचं साधन होतं पिग्मी. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरतो, पन्नास, शंभर, दोनशे, जे देतील ते घेऊन पावती देतो. दुकानदार बँकेला स्टॉक वाढवून दाखवेल, घरी धंदा चांगला चाललाय म्हणून सांगेल, पण गल्ल्यात नसेल तर पिग्मीला देणार कुठून? शंभराचे पन्नास झाले की आम्हाला चाहूल लागायची. ‘आज राहू द्या’ सुरू झालं की समजायचं. मग एक दिवस तो माणूस पिग्मीचं खातं मुदतीआधी मोडायला यायचा, मुलीच्या फीसाठी म्हणून. दुकान बंद होण्याच्या साधारण सहा महिने आधीची ही पायरी असते.

आपल्या रस्त्यावर पिग्मी गोळा करणारा एजंट माझ्या ओळखीचा आहे. त्याला विचारलं, आकडे कधी खाली यायला लागले? तो म्हणाला, ‘साहेब, पत्रे लागले त्या महिन्यापासून.’

पत्रे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आधी ड्रेनेजच्या लाइनसाठी रस्ता खणला. ती बुजवली. मग केबलवाल्यांनी खणला. मग काँक्रिटीकरण सुरू झालं. बोर्डवर मुदत लिहिली होती चार महिने, लागले चौदा. रस्ता झाला उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण ते चौदा महिने दुकानांच्या पायरीला लागून पत्रे उभे होते. फरसाणवाल्यांच्या दुकानात जायला चेंबरवर टाकलेल्या एका फळीवरून जावं लागायचं. आपल्यातले किती ज्येष्ठ नागरिक त्या फळीवरून गेले असतील?

दुकानं का बंद पडली असं विचारलं की झटकन उत्तर येतं, ऑनलाइन. ते खरं आहे, पण अर्धं खरं आहे. ऑनलाइन तर २०१५ सालीही होतं. ही दुकानं त्यातून तरली, नोटाबंदीतून तरली, करोनातून तरली. एप्रिल २०२० मध्ये आपण गेट बंद करून आत बसलो होतो, तेव्हा चौकातले किराणावाले वह्यांवर फ्लॅट नंबर लिहून घेऊन पिशव्या गेटपर्यंत आणून देत होते, तेही उधारीवर. त्यांची काही उधारी वर्षभरानं वसूल झाली. एवढ्यातून वाचलेलं दुकान पत्र्यांनी मेलं, याचं कारण गिऱ्हाईकाची सवय. आठवडाभर रस्ता बंद असेल तर माणूस नंतर परत येतो. चौदा महिन्यांत तो दुसरीकडे रुळतो, आणि पत्रे निघाले तरी त्याचे पाय इकडे वळत नाहीत. दुकानाचं भाडं, नोकराचा पगार, विजेच्या बिलातला स्थिर आकार, बँकेचा हप्ता, यांतलं काहीही पत्रे लागले म्हणून थांबत नाही.

आता यात महापालिकेनं काय करायला हवं होतं? अनुदान? मला विचाराल तर अनुदान नको. एकतीस वर्षांत मी अनुदानावर उभं राहिलेलं दुकान पाहिलं नाही. अनुदानासाठी उघडलेली बरीच पाहिली. जे हवं होतं त्याला जवळपास पैसे लागत नाहीत. सगळा रस्ता एकदम खणण्याऐवजी तुकड्या-तुकड्यानं घ्यायचा, एक तुकडा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. ड्रेनेज, पाणी, केबल या तिघांनी आपसात एकदाच बोलून घ्यायचं. प्रत्येक दुकानासमोर कठडा असलेली रुंद लोखंडी फळी ठेवायची, आणि ती ठेकेदाराच्या कंत्राटात लिहायची, कारण जे कंत्राटात नसतं ते तो करत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. आणि तारीख सांगायची. खरी तारीख. चौदा महिने लागणार हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर चपलावाल्यांनी दिवाळीचा माल भरला नसता. तो माल त्यांनी व्याजानं पैसे काढून भरला होता.

राहिला कर. दुकानाला मालमत्ता कर निवासी दरापेक्षा जास्त बसतो, हे गाळेधारकांना माहीत आहेच. तो थकला की आपल्या राज्यातल्या महापालिकांमध्ये दरमहा २ टक्के शास्ती लागते. म्हणजे वर्षाला २४ टक्के. आमच्या बँकेनं लहान दुकानदाराला २४ टक्क्यांनी कर्ज दिलं असतं तर लोकांनी दगड मारले असते. मग दोन-चार वर्षांनी महापालिका ‘अभय योजना’ काढते, शास्तीत मोठी सूट देते, आणि ज्यानं दागिने गहाण ठेवून वेळेवर कर भरला तो मूर्ख ठरतो. त्यापेक्षा, ज्या रस्त्यावर पालिकेचंच काम मुदतीबाहेर गेलं, त्या रस्त्यावरच्या लहान गाळ्यांना तेवढ्या महिन्यांची शास्ती आपोआप माफ, पाटीच्या परवान्याची फी माफ, असा ठराव करावा. त्यासाठी दुकानदारानं अर्ज करायला लागू नये. कामाच्या तारखा पालिकेकडेच असतात आणि गाळ्यांची यादीही पालिकेकडेच असते.

कोणी म्हणेल, दुकानं चालवणं हे काय पालिकेचं काम आहे? तर बाजार हा आपल्याकडच्या नगरपालिकांच्या अगदी जुन्या कामांपैकी एक आहे. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं. तिथल्या पहिल्या म्युनिसिपल कमिशनरचं नाव त्याला दिलेलं होतं. पुण्याची मंडई १८८६ साली उघडली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. मंडई बांधायचं ठरत होतं तेव्हा नगरपालिकेत एका सभासदानं विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते सभासद म्हणजे जोतीराव फुले. १८७६ ते १८८२ ते पुण्याच्या नगरपालिकेत होते. पुढं अत्र्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत असताना ‘रे मार्केट’ हे नाव बदलून त्याच मंडईला फुल्यांचं नाव दिलं. क्रॉफर्ड मार्केटलाही आज नाव फुल्यांचंच आहे.

फुल्यांचा आक्षेप मला नेहमी विचार करायला लावतो. मंडई बांधली हे बरंच झालं, ती अजून चालते आहे. पण पैसा कोणाचा, आणि तो इमारतीवर घालायचा की माणसावर, हा त्यांचा प्रश्न आजही जागच्या जागी आहे. कारण गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या शहरांमध्ये पालिकांनी बांधलेल्या भाजी मंडया पाहा. वरच्या मजल्यावर गाळे, आत अंधार, जिन्यात कुत्री, आणि भाजीवाले बाहेर रस्त्यावर बसलेले. लोकांना वाटतं भाजीवाले हट्टी. अहो, ऑफिसातून येणारी बाई बसमधून उतरून दोन जुड्या मेथी घ्यायला मजला चढून जाईल का? ती ज्या वाटेनं घरी जाते त्या वाटेवर जो बसेल त्याच्याकडून घेईल. ही साधी गोष्ट नकाशावर दिसत नाही. बांधण्याआधी मेथी विकणाऱ्या बाईला विचारलं असतं तर दिसली असती.

गाळे बांधले तरी भाड्याचं गणित वेगळंच. २०१९ साली राज्य सरकारनं महापालिकांच्या मालकीच्या जागांचं भाडं बाजारमूल्याच्या किमान ८ टक्के धरायचा नियम आणला. समजा गाळ्याची किंमत २० लाख. वर्षाचं भाडं झालं १ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला तेरा हजारांच्या वर. चहा-बिस्किटं विकून? अनेक शहरांत गाळेधारक रस्त्यावर आले, पालिकांची कोट्यवधींची थकबाकी कागदावर फुगत गेली, आणि शेवटी २०२३ मध्ये हा टक्का एकाच्याही खाली आणावा लागला. चार वर्षं पालिकेलाही पैसे मिळाले नाहीत आणि दुकानदारालाही झोप मिळाली नाही. जुन्या गाळ्यांचं नाममात्र भाडं पिढ्यान्‌पिढ्या चालू राहावं असं माझं म्हणणं नाही. पन्नास रुपये भाड्याचा गाळा स्वतः घ्यायचा आणि पंधरा हजारांनी पोटभाड्यानं द्यायचा, असेही महाभाग मी कर्जाच्या अर्जांत पाहिलेत. पण वाढ करायची तर टप्प्यानं, आणि पाच वर्षांचं भाडं आधी सांगून.

आता जरा नाजूक विषयाकडे येतो. आपल्या फुटपाथवर संध्याकाळी बसणारे भाजीवाले, फुलवाल्या मावशी, वडापावची गाडी. गेल्या वर्षी आपल्या समितीनं अतिक्रमण विभागाला अर्ज दिला. त्यावर माझीही सही आहे, आणि त्यातली तक्रार खरी आहे. बाबागाडी घेऊन किंवा काठी टेकत फुटपाथवरून जाता येत नाही. पण त्या अर्जाचं पुढं काय होतं? महिन्यातून एकदा गाडी येते, वजनकाटे आणि टोपल्या उचलते, दोन दिवसांनी सगळे परत बसतात. आपला फुटपाथ तसाच राहतो, आणि मावशींचं नुकसान होतं ते त्या फुलांचे भाव वाढवून आपल्याकडूनच वसूल करतात.

याबद्दल २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. लोकांना वाटतं तो फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा. तो जितका त्यांचा आहे तितकाच आपलाही आहे. त्यात म्हटलंय की, पालिकेनं दर पाच वर्षांनी एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, कुठं बसायचं आणि कुठं बसायचं नाही ते ठरवायचं. हे ठरवायला नगर पथविक्रेता समिती. तिचे अध्यक्ष महापालिका आयुक्त. तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका. बाकीच्या जागांमध्ये वाहतूक पोलीस, व्यापारी संघटना, बँका, आणि लक्ष देऊन ऐका, रहिवाशांच्या संस्था. म्हणजे आपल्यासारख्या सोसायट्यांची खुर्ची त्या टेबलावर कायद्यानं ठेवलेली आहे. ती मागायला आजवर आपण गेलेलो नाही. पालिकाही बोलावत नाही. मुंबईसारख्या शहरात या समितीसाठी विक्रेत्यांचं मतदान व्हायला २०२४ साल उजाडलं, कायदा होऊन १० वर्षं झाल्यावर.

माल उचलण्याबद्दलही त्यात स्पष्ट आहे. उचललेल्या मालाची यादी विक्रेत्याला द्यायची. त्यानं दंड भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. किती जणांना यादी मिळते ते फुलवाल्या मावशींना विचारा.

आणि जागेचं म्हणाल, तर आपला फुटपाथ मी टेपनं मोजला. सुरक्षारक्षकाला वाटलं मी रिडेव्हलपमेंटसाठी मोजतोय, म्हणून ती बातमी ए विंगपर्यंत गेली. तसं काही नाही. बँक ऑफ इंडियाच्या एटीएमपासून चौकापर्यंत तो ३ मीटरच्या वर रुंद आहे. पादचाऱ्यांना चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. म्हणजे दोन्ही बसतं, चालणारेही आणि टोपल्याही, पांढरा पट्टा मारला आणि तो पाळला तर. आपल्या गेटसमोर मात्र बसत नाही, तिथं फुटपाथ अरुंद आहे. तिथून त्यांना एटीएमच्या बाजूला हलवा, हे आपण हक्कानं म्हणू शकतो. दुकानदारांनाही हेच लागू. फुटपाथवर फ्रीज आणि पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट मांडणारा दुकानदार भाजीवालीच्या टोपलीकडे बोट दाखवतो, तेव्हा मला हसू येतं.

दुकानदार विरुद्ध फेरीवाले असं भांडण लावून देणं सोपं असतं. हिशोब मात्र वेगळं सांगतो. भाजीवाले उठवले त्या आठवड्यांत चौकातल्या किराणावाल्यांची संध्याकाळची विक्री वाढली नाही, उलट पडली. माणूस मेथीसाठी थांबतो आणि साबण घेऊन जातो.

या विक्रेत्यांच्या भांडवलाबद्दल थोडं, कारण तो माझा धंदा. सकाळी सावकाराकडून ९०० रुपये घ्यायचे, संध्याकाळी १००० परत करायचे, हा व्यवहार आपल्या शहरांत वर्षानुवर्षं चालत आलाय. व्याजाचा दर काढू नका, झोप उडेल. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम स्वनिधी योजना आणली. विनातारण १० हजारांचं पहिलं कर्ज, वेळेवर फेडलं तर २० हजार, मग ५० हजार, आणि व्याजात ७ टक्के सवलत. २०२५ मध्ये पहिले दोन हप्ते १५ आणि २५ हजार केले. पैसा केंद्राचा, कर्ज बँकेचं, पण किल्ली पालिकेकडे. कारण विक्रेता असल्याचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र पालिकेनं द्यायचं असतं. त्या एका कागदासाठी माणूस धंदा बुडवून चार-चार खेपा घालतो. तो कागद पालिकेच्या कर्मचाऱ्यानं संध्याकाळी सातला फुटपाथवर येऊन दिला, तर सावकाराचा निम्मा धंदा बसेल. ऑफिस दहा ते सहा, मेथी विकायची वेळ पाच ते नऊ. हे गणित कोणीतरी एकदा जुळवायला हवं.

मावशींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या डोक्यातसुद्धा आली नव्हती. त्या दुपारी तीनपासून पाणी पीत नाहीत. जायची सोय नाही म्हणून. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंच्या गाळ्यालाही संडास नव्हता. चौकात एक स्वच्छ, दिवा असलेलं, रात्री दहापर्यंत उघडं स्वच्छतागृह, ही लघुउद्योगाला मदत आहे असं कुठल्याच योजनेत लिहिलेलं नसतं. बायकांच्या धंद्याला ती पहिली मदत आहे.

आता खरेदीकडे वळू. पालिका आणि सरकार हे स्वतःच मोठं गिऱ्हाईक असतं. शाळेच्या गणवेशाचंच बघा. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती जवळच्या शिंप्याकडून गणवेश शिवून घ्यायची. जून महिना म्हणजे शिंप्याची दिवाळी. आमच्या बँकेत मे महिन्यात शिंपी कापडासाठी उचल करायचे आणि ऑगस्टमध्ये फेडायचे. २०२४-२५ साली राज्यानं ठरवलं की कापड एकाच ठिकाणाहून घ्यायचं आणि सगळीकडे पाठवायचं. गणवेश वेळेत आले नाहीत, मापं बसली नाहीत, अशा तक्रारी राज्यभरातून झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे दिले गेले. एक वर्ष गेलं. कापड स्वस्त पडलं असेलही, पण शिंप्याच्या एका हंगामाची किंमत कोणत्या टेंडरमध्ये धरली होती?

टेंडरच्या अटी हा असाच प्रकार. शंभर खुर्च्या दुरुस्त करायच्या कामाला वार्षिक उलाढालीची मोठी अट घातली की गल्लीतला वेल्डर बाद. मोठा ठेकेदार काम घेतो आणि त्याच वेल्डरला निम्म्या पैशांत देतो. काम लहान असेल तर ते लहानच ठेवावं आणि प्रभागातच द्यावं. आणि बिल द्यावं. वेळेवर. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करायचे असं आहे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. उद्यम नोंदणी केली की ते मिळतं, नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. पण लहान माणूस पालिकेवर व्याजाचा दावा करत नाही, कारण पुढचं काम त्याच टेबलावरून मिळवायचं असतं. माझ्या खातेदारांपैकी एक सद्‌गृहस्थ ‘पालिकेचं बिल आलं की भरतो’ असं सांगत हप्ते थकवत गेले. सगळ्यांना वाटायचं बहाणा करताहेत. बिल खरोखरच दीड वर्ष पडून होतं.

ॲपबद्दल दोन शब्द, नाहीतर तरुण मंडळी म्हणतील काका जुन्या काळात अडकलेत. आमच्या घरी रात्री साडेदहाला कोथिंबीर येते, दहा मिनिटांत. सूनबाई दोन्ही मुलांना झोपवून मग भाजीचा विचार करते, तिला मी काय म्हणून अडवू? पण ती कोथिंबीर येते कुठून, तर मागच्या गल्लीत बंद काचांच्या आड एक जागा आहे, तिथून. तिच्यासमोर पंचवीस दुचाक्या उभ्या असतात. आत जाऊन आपण काही विकत घेऊ शकत नाही. पॅरिसच्या महापालिकेपुढं हाच प्रश्न आला होता. त्यांनी म्हटलं, जिथं गिऱ्हाईक आत येत नाही ते दुकान नव्हे, गोदाम, आणि दुकानाच्या जागेत गोदाम परवानगीशिवाय चालणार नाही. कंपन्या कोर्टात गेल्या. २०२३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं पालिकेची बाजू उचलून धरली. आपल्याकडे बंदी घालावी असं मी म्हणत नाही, त्या दुचाकीवरच्या मुलांचीही घरं त्यावर चालतात. पण किराणावाल्याच्या दारात एक स्कूटर उभी राहिली तर टोइंगवाले उचलतात आणि तिकडे पंचवीस चालतात, हे बरोबर नाही. दोघांना एकच नियम लावणं एवढं तर पालिकेच्या हातात आहे.

आणि काही दुकानं बंद होणारच. एसटीडी बूथ गेले, कॅसेटवाले गेले, त्यांना वाचवायला पालिकेनं धावायची गरज नव्हती. ज्याचं गिऱ्हाईकच संपलं त्याला कोणी तारू शकत नाही. गिरणीचं तसं नव्हतं. तिचं गिऱ्हाईक इथं बसलंय.

मग पालिकेला हे सांगायचं कोणी? आपल्या प्रभाग कार्यालयात मी तीनदा जाऊन आलो. तिथल्या एका कारकुनानं फार खरं सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, तुमच्या रस्त्यावरच्या दुकानांबद्दल आमच्याकडे फाईल जाडजूड आहे. पण सगळी तक्रारींची. पार्किंग, आवाज, फुटपाथ, कचरा. दुकान बंद पडतंय, काही करा, असा एकही कागद नाही.’ पालिकेला आपली गल्ली कागदावरूनच दिसते. तिच्या लेखी ही दुकानं म्हणजे फक्त उपद्रव. २०२२ पासून बहुतेक महापालिकांत प्रशासकांचा कारभार होता, नगरसेवक नव्हते, त्यामुळं तोंडी सांगायची सोयही गेली होती. दुकानदार स्वतः लिहीत नाहीत, त्यांना अतिक्रमणवाल्यांची भीती वाटते. लिहायचं तर आपणच. आपल्याला कोणी टोपली उचलून नेणार नाही.

त्याला जागाही आहेत. राज्याच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, सोसायट्यांनी मिळून ती भरवण्याची मागणी करता येते. पुण्याच्या महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामं सुचवता येतात, एकेका कामाला ५ लाखांपर्यंत. आपल्याकडे तशी सोय मागूया. ५ लाखांत फुटपाथवरचा पट्टा, दिवे आणि दोन बाकडी आरामात होतात. स्वच्छतागृह बहुधा होणार नाही, ते वेगळं मागावं लागेल.

व्याख्यान संपल्यावर डी विंगच्या वहिनींनी विचारलं, की मग अतिक्रमण विभागाला दिलेला आपला अर्ज मागे घ्यायचा का? माझं उत्तर छापताना इथंच देतो. मागे घेऊ नका, बदला. गेटसमोरची जागा मोकळी हवी, ही मागणी तशीच ठेवा. तिच्याखाली लिहा, की त्या सात विक्रेत्यांना एटीएम ते चौक या पट्ट्यात जागा आखून द्यावी आणि नगर पथविक्रेता समितीत आमच्या सोसायटीचं म्हणणं ऐकून घ्यावं. दुसरा कागद मालमत्ता कर विभागाला, रस्त्याचं काम लांबलं त्या दहा महिन्यांची शास्ती या रस्त्यावरच्या लहान गाळ्यांना माफ करावी म्हणून. तिसरा, पुढं पावसाळी गटाराचं काम येणार आहे म्हणतात, त्याचं वेळापत्रक आणि दुकानांसमोरच्या फळ्यांची अट आधी दाखवावी म्हणून. तिन्ही मसुदे सोसायटीच्या ऑफिसात सचिवांच्या टेबलावर ठेवले आहेत. नऊ गाळेधारकांपैकी सहा जणांनी सह्या केल्या आहेत. सही करताना विंग आणि फ्लॅट नंबर स्पष्ट लिहा. मागच्या अर्जावर बी विंग की डी विंग ते वाचता येत नव्हतं, आणि तेवढ्यावरून तो एकदा परत आला होता.